पहिल्या बाकावरची मुलगी

थॅलेसेमिया, अंगात साचणारे लोह आणि त्यामुळे बिघडणारे हार्मोन : प्रत्येक घराने जाणून घ्यावे असे काही

दर सोमवारी मधल्या सुट्टीनंतर आमच्या शाळेत निळी गोळी वाटली जाते. लोह आणि फॉलिक ॲसिडची. किशोरवयीन मुलामुलींमधील रक्तक्षय कमी व्हावा म्हणून सरकारने आखलेली ही साप्ताहिक योजना आहे. गोळी नुसती हातावर ठेवून चालत नाही. मुलांनी ती आमच्यासमोर गिळायची, आणि त्यांची भीती जावी म्हणून आम्ही शिक्षकांनीही आपली गोळी त्यांच्यासमोर घ्यायची. मग रजिस्टरवर खूण.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका सोमवारी नववीच्या वर्गातल्या एका मुलीने गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली आणि मान वळवून गोळी हळूच रुमालात काढून ठेवली. आम्ही ते पाहिले. ही मुलगी पहिल्या बाकावर बसायची, कारण उंचीने ती पाचवीतल्या मुलीएवढीच होती. चेहरा फिकट, डोळे पिवळसर, मधूनमधून गैरहजेरी. आम्हाला वाटले, सगळ्या वर्गात हिलाच तर या गोळीची जास्त गरज! दुसरी गोळी तिच्या हातावर ठेवून आम्ही कडक आवाजात म्हणालो, "घे. आमच्यासमोर गिळ."

ती खाली मान घालून म्हणाली, "टीचर, मला लोह चालत नाही."

वर्ग हसला. आम्हालाही तो बहाणाच वाटला. शेवटी तिने गोळी घेतली.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी तिची अम्मी दारात उभी होती. हातात कापडी पिशवी, पिशवीत जाडजूड फाइल. आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाल्या, "आपा, माझ्या लेकीच्या अंगात लोह कमी नाही, फार जास्त आहे. ते बाहेर काढायलाच आम्ही तिला रोज औषध देतो."

एका गोळीने फारसे बिघडले नाही, असे पुढे डॉक्टरांनी सांगितले. पण आमच्या मनाला ती गोष्ट लागून राहिली. रक्त कमी असलेल्या मुलीला लोह नको, हे कसे? त्या दिवसापासून आम्ही विचारत गेलो, वाचत गेलो, एकदोनदा त्या मायलेकींबरोबर रुग्णालयातही गेलो. जे समजले ते त्या दोघींच्या परवानगीने इथे लिहीत आहोत. नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

रक्तक्षय एकच नसतो

आपल्याकडे रक्त कमी म्हटले की पालक, खजूर, गूळ-शेंगदाणे आणि टॉनिकची बाटली. बहुतेक वेळा ते बरोबरही असते, कारण आपल्या बायका-मुलांतला सर्वांत मोठा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेमुळेच होतो. पण थॅलेसेमिया हा वेगळा प्रकार आहे. यात लोह भरपूर असते, पण त्यापासून हिमोग्लोबिन बनवण्याची कृतीच चुकलेली असते. ही चूक जन्मजात असते, आईवडिलांकडून आलेली. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरातल्या थॉमस कूली या बालरोगतज्ज्ञांनी १९२५ मध्ये या आजाराचे पहिले नीट वर्णन केले. पुढे याला ग्रीक भाषेतल्या समुद्र या शब्दावरून थॅलेसेमिया हे नाव पडले, कारण सुरुवातीचे बरेच रुग्ण भूमध्य समुद्राकाठच्या कुटुंबांतले होते. आज मात्र भारतात याचे रुग्ण सर्व धर्मांत आणि जातींत आहेत.

या मुलीचे निदान सातव्या महिन्यात झाले. बाळ पांढरे पडत चालले होते, दूध ओढत नव्हते, पोट फुगले होते. तेव्हापासून तिला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवले जाते. रक्त देण्याआधी हिमोग्लोबिन साधारण ९.५ ते १०.५ च्या खाली जाऊ द्यायचे नाही, असा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. तिच्या गैरहजेरीचे कारण हे होते. आम्ही मात्र हजेरीपटावर लाल खुणा करत होतो.

पिशवीबरोबर येणारे लोह

रक्ताच्या एका पिशवीत सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते. दर तीन आठवड्यांनी एक पिशवी म्हणजे वर्षाला सतरा पिशव्या. सतरा गुणिले दोनशे म्हणजे ३४०० मिलिग्रॅम, जवळजवळ साडेतीन ग्रॅम. निरोगी मोठ्या माणसाच्या संपूर्ण शरीरात एकूण लोहच तीन ते चार ग्रॅम असते. म्हणजे एका मोठ्या माणसाचे सगळे लोह या लहान जिवात दर वर्षी नव्याने ओतले जाते.

आता खर्चाची बाजू पाहा. शरीराला लोह बाहेर टाकण्याची वाटच नाही. त्वचेच्या आणि आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम जाते, तेवढेच. जमा साडेतीन ग्रॅम आणि खर्च नाममात्र. उरलेले लोह आधी यकृतात आणि प्लीहेत साचते, मग हृदयात, आणि मग त्या ग्रंथींत जिथे आपले हार्मोन तयार होतात.

हार्मोन म्हणजे शरीरातले निरोप. मुख्याध्यापकांच्या खोलीतून शिपाई नोटीस घेऊन वर्गावर्गांत फिरतो, तसे हे निरोप रक्तातून फिरतात. वाढ, वयात येणे, साखर, थायरॉइड, हाडांतले कॅल्शियम, सगळे या निरोपांवर चालते. त्यांतले बरेचसे निरोप मेंदूच्या खाली असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीतून सुटतात. लोहाला ही ग्रंथी फार लवकर बळी पडते.

"अजून शहाणी झाली नाही"

फाइल दाखवून झाल्यावर अम्मींनी खोलीचे दार लोटून घेतले आणि खाली पाहत म्हणाल्या, "आपा, पंधरा पुरी झाली. अजून शहाणी झाली नाही. अंगावर काहीच खूण नाही. शेजारच्या बायका विचारतात. मी खोटे सांगते."

ही गोष्ट त्यांनी डॉक्टरांनाही सांगितली नव्हती. रक्त चढवण्याच्या दिवशी वॉर्डात गर्दी, पुरुष डॉक्टर, मुलीसमोर कसे बोलायचे? दोन वर्षे त्या गप्प राहिल्या. कुणाच्या सांगण्यावरून काढे झाले, दम केलेले पाणी झाले. तपासणी मात्र झाली नाही.

आम्ही त्यांना म्हणालो, "पुढच्या वेळी आम्ही बरोबर येतो." आणि गेलो.

डॉक्टर अजिबात चकित झाले नाहीत. थॅलेसेमियाच्या मुलांत हार्मोनच्या तक्रारींपैकी हीच सर्वांत जास्त आढळते, असे त्यांनी सांगितले. नियम साधा आहे. मुलीच्या अंगावर तेरा वर्षांपर्यंत आणि मुलाच्या अंगावर चौदा वर्षांपर्यंत वयात येण्याची कोणतीच खूण दिसली नाही तर तपासणी करायची. वाट पाहत बसायचे नाही. तिच्या रक्तात एलएच आणि एफएसएच तपासले. पिट्युटरी हे दोन निरोप मुलीच्या अंडाशयाला आणि मुलाच्या वृषणाला पाठवते. दोन्ही फार कमी आले. अंडाशयाचा स्वतःचा इस्ट्रोजेन हार्मोनही कमी. थोडक्यात, अंडाशयात दोष नव्हता. त्याला काम सुरू करण्याची नोटीसच पोचत नव्हती. मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय पाहिले, तेही खऱ्या वयापेक्षा बरेच मागे होते.

फेरिटिन या चाचणीने साठलेल्या लोहाचा अंदाज येतो. निरोगी माणसात ते सहसा ३०० च्या आत असते. थॅलेसेमियाच्या रुग्णांत ते १००० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न असतो, आणि सतत २५०० च्या वर राहिले तर हृदयाचा धोका वाढतो. तिचे ४२०० होते.

डॉक्टरांनी विचारले, "लोह काढण्याची गोळी रोज घेते का?"

अम्मी म्हणाल्या, "रोज देते."

मुलगी गप्प होती. मग हळू आवाजात म्हणाली, "मी कधीकधी कुंडीत ओतते."

तिथे तिला कुणी रागावले नाही. गोळी पाण्यात विरघळवून रिकाम्या पोटी प्यायची, चव खडूसारखी, पोटात मळमळ, आणि वर सकाळची शाळा. त्यात अब्बांची रिक्षा वर्षभर बंद होती, तेव्हा घरच्यांनीच गोळ्या निम्म्या केल्या होत्या. लोह कोणतीही वेदना देत नाही. ते वर्षानुवर्षे मुकाट्याने साचते. म्हणूनच औषध चुकवणे सोपे जाते आणि त्याची किंमत उशिरा कळते.

रक्त कमी आणि लोह जास्त, हे कसे?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त छळत होता. त्याचे उत्तरही हार्मोनमध्येच सापडले.

पहिला हार्मोन एरिथ्रोपोएटिन. तो मूत्रपिंडात तयार होतो. रक्तातून प्राणवायू कमी पोचू लागला की मूत्रपिंड हाडांतल्या मज्जेला निरोप धाडते : "तांबड्या पेशी वाढवा." थॅलेसेमियात हा निरोप सारखा जात राहतो. मज्जा रात्रंदिवस राबते, पण बनवलेल्या पेशी सदोष असल्याने बऱ्याचशा मज्जेतच मरतात. राबून राबून मज्जा फुगते आणि हाडे पसरतात. उपचार न मिळालेल्या मुलांचे कपाळ आणि गालाची हाडे पुढे येतात ती यामुळे. वेळेवर रक्त चढवले की हा निरोप शांत होतो, मज्जेला विसावा मिळतो. हिमोग्लोबिन पुन्हा उतरले की निरोप पुन्हा वाढतो. "अजून चार दिवस ढकलू" म्हणून रक्ताची तारीख पुढे नेऊ नये, त्याचे एक कारण हे आहे.

दुसरा हार्मोन हेप्सिडिन. तो यकृतात बनतो. शास्त्रज्ञांना याची ओळख होऊन जेमतेम पंचवीस वर्षे झाली. हा आतड्याच्या दारावरचा दरवान समजा. शरीरात लोह पुरेसे झाले की तो दार बंद करतो. पण थॅलेसेमियात मज्जा सतत ओरडत असते : "पेशी बनवायच्या आहेत, लोह पाठवा." त्या ओरड्याने दरवान गोंधळतो. कोठार भरलेले असूनही दार उघडेच राहते आणि अन्नातलेही लोह आत येत राहते. रक्त चढवल्यावर मज्जा जरा शांत होते, तेव्हा दरवानही थोडा सावरतो. ज्या रुग्णांना क्वचितच रक्त लागते, त्यांच्या अंगातही लोह साचते ते याच वाटेने.

म्हणूनच अशा रुग्णाला लोहाचे टॉनिक डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय कधीही द्यायचे नाही. जेवणाबरोबर कोरा चहा घेतला तर अन्नातले लोह कमी शोषले जाते, त्यामुळे या रुग्णांना तो उपयोगी पडतो. आणि याच कारणासाठी ज्यांच्यात लोह खरोखर कमी आहे, त्यांनी जेवणाबरोबर चहा टाळावा. एकच कप, एकाला चांगला आणि दुसऱ्याला वाईट!

आणखी कोणते हार्मोन?

तिच्या फाइलमध्ये दर वर्षीच्या तपासण्यांची जी यादी लागली, ती इथे देत आहोत. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी ती कापून फाइलला लावली तरी चालेल.

उंची आणि वजन : दर सहा महिन्यांनी. घरच्या भिंतीवर पेन्सिलीने खूण केली तरी उंची थांबल्याचे लवकर कळते. वाढीचा हार्मोन कमी पडला का, हे डॉक्टर त्यावरून पुढे तपासतात.

थायरॉइड : वयाच्या साधारण दहाव्या वर्षापासून दर वर्षी टीएसएच आणि टी-फोर. सुस्ती, थंडी सोसवत नसणे, अभ्यासात मागे पडणे हे "रक्त कमी असल्यामुळे" म्हणून सोडून दिले जाते. थायरॉइड मंदावल्यावरही हेच होते. या मुलीचे टीएसएच किंचित वाढलेले निघाले.

साखर : लोह स्वादुपिंडातही साचते आणि इन्सुलिन कमी पडू लागते. दहाव्या वर्षापासून दर वर्षी उपाशीपोटीची साखर आणि ग्लुकोज पाजून दोन तासांनी पाहायची साखर. एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. तीन महिन्यांच्या साखरेची जी एचबीए-वन-सी चाचणी सगळीकडे करतात, तिच्यावर या रुग्णांत विसंबता येत नाही. ती चाचणी तांबड्या पेशींवर चढलेली साखर मोजते, आणि इथे अंगातल्या पेशी दुसऱ्याच्या असतात! मुलीची साखर ठीक निघाली.

कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड : गळ्यातल्या या चिमुकल्या ग्रंथी बिघडल्या की रक्तातले कॅल्शियम उतरते. बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या, हाताला पेटके. हा त्रास बहुधा सोळा वर्षांनंतर दिसतो.

हाडे आणि ड जीवनसत्त्व : इस्ट्रोजेन किंवा टेस्टोस्टेरॉन कमी असेल तर हाडे ठिसूळ होतात. म्हणजे वयात न येणे हा फक्त लग्नाचा किंवा मूलबाळ होण्याचा प्रश्न नाही, तो हाडांचाही आहे.

अधिवृक्क ग्रंथी : सकाळच्या कॉर्टिसोलवरून अंदाज घेतात. फार थकवा, रक्तदाब कमी असणे ही लक्षणे असतील तर डॉक्टरांना जरूर सांगावीत.

याशिवाय सोय असेल तिथे एमआरआयच्या खास पद्धतीने हृदयात आणि यकृतात किती लोह साचले आहे ते पाहतात. फेरिटिनपेक्षा तो हिशेब पक्का असतो.

औषधे आणि त्यांची शिस्त

लोह बाहेर काढणारी तीन औषधे प्रचारात आहेत. डेफेरॉक्सामिन हे सर्वांत जुने. ते पोटाच्या त्वचेखाली छोट्या पंपाने रात्रभर आठ ते बारा तास, आठवड्यातून पाच ते सात रात्री द्यावे लागते. डेफेरिप्रोन ही तोंडाने घ्यायची गोळी भारतात १९९० च्या दशकातच आली. हिच्यामुळे क्वचित पांढऱ्या पेशी एकदम कमी होतात, म्हणून नियमित रक्ततपासणी हवी, आणि ताप किंवा घसादुखी झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासायचे. तिसरे डेफेरासिरॉक्स, दिवसातून एकदा घ्यायचे. याच्याबरोबर मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या चालू ठेवाव्या लागतात. कोणते औषध आणि किती, हे डॉक्टरच ठरवणार. घरच्यांचे काम एकच, चुकवायचे नाही. परवडत नसेल तर लपवून निम्मे करण्यापेक्षा डॉक्टरांना किंवा रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना सरळ सांगावे. काही ना काही मार्ग निघतो. या घराचाही निघाला.

उमेदीची गोष्ट ही, की लहानपणापासून लोह नीट काढले गेले तर यातली बरीच मुले वेळेवर वयात येतात, शिकतात, नोकऱ्या करतात, संसार करतात. थॅलेसेमियाच्या बायका आई झाल्याची उदाहरणे आहेत आणि पुरुष बाप झाल्याचीही. काहींना त्यासाठी हार्मोनची इंजेक्शने लागतात. ज्यांचा हार्मोन कमी आहे, त्यांना तो औषधातून देता येतो. थायरॉइडची गोळी, मुलींना इस्ट्रोजेन, मुलांना टेस्टोस्टेरॉन, अगदी थोड्या मात्रेपासून हळूहळू वाढवत. यात लाजण्यासारखे काही नाही. चष्मा लागतो तसेच हे.

आजार मुळातून बरा करण्याचा रूढ उपाय म्हणजे अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण. सख्ख्या भावाबहिणीची मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक असते, आणि लहान वयात, लोह फार साचण्यापूर्वी ते केलेले बरे. कोल इंडियाच्या मदतीने २०१७ पासून चालणाऱ्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेत ठरावीक रुग्णालयांत यासाठी दहा लाखांपर्यंत साहाय्य मिळते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये थॅलेसेमियाचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठीही अर्ज करता येतो.

निकाहआधीचा एक कागद

या मुलीला मोठी बहीण आहे. त्याच वर्षी तिची सोयरीक फुफीच्या मुलाशी ठरत होती. घरातला मुलगा, पाहिलेला, शिकलेला. सगळे खूश. तेव्हा डॉक्टरांनीच विषय काढला.

हिशेब आम्ही वर्गात फळ्यावर सांगतो तसा सांगतो. ज्याच्यात सदोष जनुक एकच आहे, तो वाहक, म्हणजे थॅलेसेमिया मायनर. तो आजारी नसतो. त्याचे हिमोग्लोबिन थोडे कमी असते इतकेच, आणि आयुष्यभर त्याला पत्ता लागत नाही. पण नवरा आणि बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारात एक. "पहिले आजारी झाले, आता पुढची तीन चांगली होतील" असा याचा अर्थ नाही. दर वेळी फासा नव्याने पडतो.

मेजर मुलाच्या निरोगी भावाबहिणीत वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. म्हणून मोठ्या बहिणीची तपासणी आवश्यकच होती. आता मुलाकडचे पाहा. आपल्या देशात सरासरी शंभरात तीन-चार लोक वाहक आहेत. काही समाजांत यापेक्षा बरेच जास्त. म्हणजे परका मुलगा वाहक असण्याची शक्यता पंचवीस-तीसात एक. पण इथे अब्बा वाहक आहेत हे माहीत आहे. त्यांच्या बहिणीत तो दोष असण्याची शक्यता दोनात एक आणि तिच्या मुलात चारात एक. पंचवीसात एक आणि चारात एक, हा फरक आहे.

मामा-फुफीच्या, चाचा-खालाच्या मुलांत निकाह जायज आहे. वाजिब नाही. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्या आसपासच्या हिंदू समाजांतही आहेच. नात्यातले प्रत्येक लग्न वाईट असे कुणीच म्हणत नाही. तपासून करा, एवढेच म्हणणे आहे. इराणमध्ये १९९७ पासून आणि सौदी अरबस्तानात २००४ पासून निकाहआधी ही तपासणी सक्तीची आहे. सौदीत अहवाल पाहून लग्न करायचे की नाही, हे ती दोघेच ठरवतात. सायप्रस या छोट्या देशाने १९७० च्या दशकापासून अशा तपासणीवर भर दिला आणि तिथे आजारी मुलांचा जन्म जवळजवळ थांबला.

तपासणी सोपी आहे. आधी साधी रक्ततपासणी म्हणजे सीबीसी आणि मग एचपीएलसी. हिमोग्लोबिन ए-टू साडेतीन टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर बहुधा वाहक. लोहाची कमतरता असेल तर हा आकडा खाली दिसू शकतो, म्हणून डॉक्टर आधी लोह भरून काढून पुन्हा तपासायला सांगतात. वाहकाने लोह घेऊच नये असेही नाही. कमी असेल तर घ्यावे, पण तपासून. निळ्या गोळीवरही आमच्या या लेखामुळे कुणी बहिष्कार टाकू नये. ती बहुतेक मुलांच्या हिताचीच आहे. नियमित रक्त चढवल्या जाणाऱ्या मुलांना मात्र ती द्यायची नाही.

लग्न आधीच झाले असेल तर गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतच तपासावे. बायको वाहक निघाली तर नवऱ्यानेही त्याच आठवड्यात तपासावे. दोघेही वाहक असतील तर दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी होऊ शकते. पुढचा निर्णय अवघड असतो. तो डॉक्टरांशी आणि आपल्या विश्वासातल्या आलिमशी बोलूनच घ्यावा. बरेच उलेमा अशा गंभीर आजारात १२० दिवसांपूर्वीच्या काळाचा वेगळा विचार करतात, म्हणून उशीर करू नये.

त्या घरात काय झाले? मोठी बहीण वाहक निघाली. फुफीचा मुलगाही. फुफी पहिल्यांदा फार रागावल्या. "माझ्या मुलात खोट काढता?" म्हणून उठून गेल्या. अब्बांनी धाकटीची फाइल त्यांच्या घरी नेली आणि फक्त समोर ठेवली. पंधरा वर्षांच्या रक्ताच्या पावत्या. दोन्ही घरांनी मिळून सोयरीक थांबवली. काही महिने येणे-जाणे बंद होते. ईदला फुफी शीरखुर्म्याचे पातेले घेऊन स्वतः आल्या. दोन्ही मुलांची लग्ने आता दुसरीकडे होतील, आणि समोरच्या बाजूची तपासणी करून. वाहकाने वाहक नसलेल्याशी लग्न केले तर मूल मेजर होण्याची भीती राहत नाही, हे फुफीच आता इतरांना समजावतात.

आपल्या हातात काय आहे?

शाळेने वर्षाच्या सुरुवातीलाच पालकांना विचारावे, मुलाला काही आजार आहे का, कोणते औषध चालत नाही. आम्ही हे विचारले असते तर त्या सोमवारी ती मुलगी वर्गात हसण्याचा विषय झाली नसती. रक्त चढवण्याच्या दिवसाची गैरहजेरी लाल शाईने लिहू नये आणि राहिलेला धडा घरी पोचवावा.

शेजाऱ्यांनी "अजून कशी नाही झाली?" हा प्रश्न विचारणे सोडावे. ज्या आईला तो विचारला जातो, ती लपवू लागते, आणि लपवण्यात उपचाराची दोन वर्षे जातात. आयांनीही लक्षात ठेवावे, की वयात येण्याची गोष्ट डॉक्टरांना सांगणे ही बेअदबी नाही. पुरुष डॉक्टरांशी बोलवत नसेल तर नर्सला सांगावे किंवा कागदावर लिहून द्यावे.

आणि रक्तदान. एप्रिल-मेमध्ये कॉलेजे बंद असतात, शिबिरे कमी होतात आणि रक्तपेढ्या रिकाम्या पडतात. थॅलेसेमियाच्या मुलांची तारीख मात्र सुट्टीवर जात नाही. मोहल्ल्यातल्या तरुणांनी उन्हाळ्यात एक शिबिर घेतले तरी काही मुलांचा महिना निघतो. ८ मे हा जागतिक थॅलेसेमिया दिन आहे, त्या निमित्ताने घ्यावे.

ती मुलगी आता अकरावीत आहे, आमच्याच शाळेत. औषध रोज घेते. अम्मी समोर बसून पाजतात आणि वर लिमलेटची गोळी देतात. फेरिटिन अजून १००० च्या खाली आलेले नाही, २१०० वर आहे. इस्ट्रोजेन थोड्या मात्रेत चालू आहे. उंची वर्षभरात पाच सेंटीमीटर वाढली. ती दुसऱ्या बाकावर सरकली, तेव्हा सगळा वर्ग टाळ्या वाजवत होता.

दर सोमवारी निळ्या गोळ्यांचे रजिस्टर आता तीच भरते. प्रत्येकाच्या नावापुढे खूण करते, कुणी गोळी रुमालात लपवली तर तिला लगेच कळते! स्वतःच्या नावापुढे मात्र सुंदर अक्षरात लिहिते : "डॉक्टरांच्या सल्ल्याने नाही." त्याखाली सही आमची असते.